लाडू न खाल्लेल्या मुली

फेब्रुवारी उजाडला की आमच्या विभागाच्या जिन्यावर पेन ड्राइव्ह घेतलेली माणसं चढायला लागतात. मी सोलापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. प्राणिशास्त्राचे, औषधनिर्माणाचे, गृहविज्ञानाचे, कुणाचे ना कुणाचे प्रयोग करून झालेले असतात, अहवाल द्यायची तारीख तोंडावर आलेली असते आणि मग त्यांना माझी आठवण होते. "मॅडम, फक्त टेस्ट लावून द्या की." प्रयोग सुरू करण्याआधी विचारायला आलेली माणसं माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन. प्रयोगाची मांडणीच चुकलेली असेल तर शेवटी कुठलीही टेस्ट ती दुरुस्त करू शकत नाही, हे मी दर वर्षी सांगते. ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "बरोबर आहे, पण तेवढी टेस्ट?"

त्या वर्षी बाई आल्या तेव्हा मात्र मला असं काही बोलता येईना.

आमच्या कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम, पण गृहविज्ञानाच्या बाई एकट्या बाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघे दुखत असलेले, तरी दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पेन ड्राइव्ह. माझ्या बाळंतपणात अम्मीची तब्येत बिघडली होती, तेव्हा कितीतरी दिवस बाईंच्या घरून डबा येत होता. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खायला त्या न चुकता यायच्या. अशा माणसाला 'तुमचा प्रयोग चुकला' हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"आधी लाडू खा," त्या म्हणाल्या. "मग कॉम्प्युटर उघड."

लाडू काळसर होता. अळीव, काळे तीळ, खारीक, बाजरी आणि गूळ. खरं सांगायचं तर चवीला थोडा कडवट आणि जिभेवर बुळबुळीत. मी पाण्याबरोबर संपवला.

प्रयोग असा होता. जुलैत मुलींच्या वसतिगृहात शिबिर घेऊन सगळ्या मुलींच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन मोजलं होतं. ज्यांचं सगळ्यात कमी भरलं, तेवढ्या मुली निवडल्या. त्यांना रोज सकाळी एक लाडू. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा रक्त तपासलं. सरासरी चांगली वर गेली होती. प्राचार्य खूश, संस्थेचे अध्यक्ष खूश. मार्चमध्ये परिषदेत हा निबंध वाचायचा होता, आणि पुढच्या वर्षापासून संस्थेच्या सगळ्या वसतिगृहांत हा लाडू सुरू करायचं घाटत होतं.

"तू फक्त टी-टेस्ट लाव," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "बाई, ज्यांना लाडू दिले नाहीत त्या मुलींचं दुसऱ्यांदा तपासलं का?"

"त्यांचं कशाला? त्या ठणठणीत होत्या."

"कमी असलेल्यांपैकी काही जणींना लाडवाशिवाय ठेवलं होतं?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "रक्त कमी असलेल्या पोरींना उपाशी ठेवू?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि समजवायला लागले. एका दिवशी मोजलेला आकडा म्हणजे त्या मुलीचा कायमचा आकडा नव्हे. कुणी तापातून उठलेली असते, कुणाची पाळी नुकती होऊन गेलेली असते. थेंब येत नाही म्हणून टोचणाऱ्यानं बोट पिळलं, तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. अशा सगळ्या कारणांनी त्या एका दिवशी तळाला गेलेल्या मुली तुम्ही वेचून काढल्या. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर त्यातल्या बऱ्याच जणी आपोआपच थोड्या वर आलेल्या दिसणार, लाडू द्या किंवा देऊ नका. मे महिन्यातला सगळ्यात कडक उन्हाचा दिवस बघून आपण गावभर ताक वाटलं, तर पुढच्या चार दिवसांत ऊन थोडं तरी उतरणारच. ते ताकानं उतरलं म्हणायचं का?

"म्हणजे माझे लाडू ताक?" बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो बाई. लाडवानं झालं असेलही. पण या आकड्यांवरून ते कळत नाही, एवढंच."

"आकडे वाढलेत ना?"

"वाढलेत."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी नुकतंच देऊन बसले होते. शेवटी मी टेस्ट लावली. कॉम्प्युटरला काय, त्यानं आधीचे आकडे घेतले, नंतरचे घेतले आणि उत्तर दिलं. पी व्हॅल्यू, म्हणजे एवढा बदल निव्वळ योगायोगानं दिसायची शक्यता, इतकी लहान आली की दशांश चिन्हापुढे नुसती शून्यं. बाईंना पी व्हॅल्यू ठाऊक होती. ती पाच शतांशाच्या खाली गेली की काम झालं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी पडद्यावरच्या शून्यांवर बोट ठेवलं. "हे बघ! तुझंच गणित सांगतंय."

मी पुन्हा सांगितलं की हे गणित फक्त 'बदल झाला' एवढं सांगतं, तो कशामुळे झाला ते सांगत नाही. बाई डब्याचं झाकण लावत होत्या. मला संताप आला होता, आणि तो बाईंचा होता की त्या शून्यांचा, ते मला नीट सांगता येणार नाही. वर्गात हीच गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर शिकवते, मुलं ती परीक्षेत लिहून पास होतात, आणि माझ्या शेजारच्या विभागात ती कुणाच्या गावीही नसते.

घरी अम्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "कायको झगड़ा करते बेटा? लड्डूच तो खिलाये ना उनो, जहर तो नै खिलाये."

बरोबर होतं. तोच तर प्रश्न होता. लाडवानं कुणाचं वाईट होत नव्हतं, म्हणून त्याच्याविषयी खरं बोलण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती. पण ज्या मुलींना खरोखर औषध लागतं, त्यांना आपण लाडू देऊन गप्प बसवणार असू तर?

दोन दिवसांनी दुपारी मी वसतिगृहात गेले. तुलनेसाठी काहीतरी हाताला लागतंय का, एवढंच डोक्यात होतं. कुणी मधेच घरी गेली असेल, कुणी लाडू सोडला असेल, तर निदान तेवढ्यांचं बघता येईल. ऊन रणरणत होतं, मुली जेवून खोल्यांत आडव्या झाल्या होत्या. एका खोलीत चौघी होत्या, चौघीही लाडवाच्या गटातल्या. एक वैरागची, एक जेऊरची, एक श्रीपूरची, एक अक्कलकोटकडची. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "लाडू कसा होता गं?"

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "चांगला होता मॅडम," श्रीपूरची म्हणाली आणि वैरागची फस्सकन हसली.

"मी मार्क द्यायला आलेली नाही," मी म्हणाले.

"मॅडम, खरं सांगू का?" वैरागची म्हणाली. "आमी खाल्लेच न्हाईत. पयले चार दिवस खाल्ले. लई बुळबुळीत लागायचे हो. मग आमी ते वॉचमनकाकांच्या शेळीला घालायचो."

"रोज?"

"व्हय. शेळी खिडकीखाली येऊन उभारायची की. बाई ताजे देऊन पुढच्या खोलीत गेल्या, की हिकडून टाकायचो."

"अय्यो, सांगितलीस का गं!" अक्कलकोटच्या मुलीनं तिला चिमटा काढला.

मला हसू आवरेना आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. मी विचारलं, "तुमचं हिमोग्लोबिन किती आलं होतं?" त्यांना ते दहावीच्या टक्क्यांसारखं पाठ होतं, आधीचं आणि नंतरचंही. चौघींपैकी तिघींचं वाढलं होतं, तेही लाडू खाणाऱ्यांच्या सरासरीइतकंच. जेऊरची म्हणाली, "जुलैत मला टायफॉइड होऊन गेला होता मॅडम. आणि त्या दिवशी रक्त येईना, तर त्या दादानं बोट असं पिळलं, असं पिळलं की दोन दिवस दुखत होतं."

चार मुली म्हणजे काही पुरावा नव्हे. चौघींवरून निष्कर्ष काढायला लागले तर मग माझ्यात आणि ज्यांच्यावर मी चिडते त्यांच्यात फरक काय? पण मी जे तोंडानं सांगून थकले होते, ते इथं पलंगावर मांडी घालून बसलेलं होतं.

मी उठताना वैरागच्या मुलीनं माझा हात धरला. "बाईंना सांगू नका हां. त्यांना लई वाईट वाटंल. त्या आमच्यासाठी पहाटे उठून लाडू वळायच्या."

मी कबूल केलं. आणि खाली येऊन रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की हातात आलेली एकमेव गोष्ट मी वापरणार नाही असं वचन देऊन बसले आहे.

नावं न सांगता सांगावं, असं शेवटी मी ठरवलं. बाईंच्या विभागात गेले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई, काही मुलींनी लाडू खाल्ले नव्हते. त्यांचंही वाढलंय."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोण?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तू माझ्यामागं वसतिगृहात जाऊन चौकशी केलीस." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "मला विचारलं असतंस तर मी तुझ्याबरोबर आले असते."

"तुमच्यासमोर त्या बोलल्या नसत्या बाई."

"जा तू आता. मला तास आहे."

तास नव्हता. मला त्यांचं वेळापत्रक ठाऊक होतं.

मग मी प्राचार्यांकडे गेले. निबंध परिषदेत न्यायचा तर निदान 'तुलनेसाठी दुसरा गट नव्हता' एवढं एक वाक्य त्यात घाला, असं म्हणाले. प्राचार्य वाणिज्य शाखेचे, गोड बोलणारे. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, तुमचं शास्त्र मोठं आहे, मला काही त्यातलं कळत नाही. पण आपल्याच माणसाच्या चांगल्या कामाला निगेटिव्ह कशाला बोलायचं?" मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण पी व्हॅल्यू चांगली आलीय म्हणे." चहा तसाच टाकून मी बाहेर आले.

निबंध वाचला गेला. त्याला बक्षीसही मिळालं. बाईंनी आभाराच्या स्लाइडवर माझं नाव घातलं होतं. ते काढा, असा निरोप मी एका सहकाऱ्याकरवी पाठवला होता आणि त्यांनी ते काढलं. त्या वर्षीच्या ईदला बाई आल्या नाहीत. अम्मीनं शीरखुर्म्याचा डबा भरून ठेवला होता, तो संध्याकाळी तिनं मुकाट्यानं शेजारी दिला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि बाई पुन्हा दुसरा मजला चढून आल्या. या वेळी हात मोकळे होते. खुर्चीत बसून बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या.

"परिषदेत मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उठला," त्या म्हणाल्या. "तुझाच प्रश्न विचारला. अगदी तुझ्याच शब्दांत. दुसरा गट कुठाय म्हणाला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? वेळ संपली म्हणून सत्राच्या अध्यक्षांनी वाचवलं. बक्षीस घेताना तो समोरच बसला होता." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. पण कसं करायचं ते सांग. या वेळी आधी विचारतेय."

मी कपाटातून कोरे कागद काढले. तो दिवस माझ्या नोकरीतल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी एक होता. आम्ही ठरवलं: रक्त दोनदा मोजायचं, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि मगच मुली निवडायच्या. ज्यांचं फारच कमी असेल त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवायचं, त्यांच्यावर प्रयोग नाही. उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला बाईंचा लाडू, दुसऱ्याला नुसता शेंगदाणा-गुळाचा, म्हणजे कुणी उपाशी राहायला नको. आणि लाडू बाईंच्या समोर खायचा.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं इतकं भाबडं असू नये.

पहिल्या महिन्यात कळलं की मुली लाडवांची अदलाबदल करतात. शेंगदाण्याचा लाडू गोड आणि खुसखुशीत; तो मिळावा म्हणून अळीववाल्या मुली मैत्रिणींची मनधरणी करत, आणि समोर बसलेल्या बाईंची नजर चुकवून वाटीखालून हात फिरत. नवरात्रात काहींचे उपास. दोघींची लग्नं ठरली, त्या गेल्या. दिवाळीला घरी गेलेल्या मुली आरामात परतल्या. रक्त तपासणारा माणूस बदलला, नव्याचं मशीन वेगळं. शेवटची तपासणी जानेवारीत ठेवली तर गड्ड्याची जत्रा भरलेली. निम्म्या मुली पाळण्यात बसायला गेलेल्या. बाई वसतिगृहाच्या फाटकात उभ्या राहून एकेकीला फोन करत होत्या आणि मी वऱ्हांड्यात आमच्या सुबक आराखड्यावर लाल पेनानं काट मारत होते.

उरलेल्या आकड्यांवर मी काम केलं. दोन्ही गटांचं थोडं वाढलं होतं. दोन गटांतला फरक बाईंच्या लाडवाच्या बाजूनं होता, पण अगदी किंचित.

त्या दुपारी बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी कागदावर एक आडवी रेघ काढली, मधे शून्य मांडलं आणि सांगितलं, "खरा फरक या दोन टोकांच्या मधे कुठंतरी असावा. या टोकाला म्हणजे तुमच्या लाडवानं चांगलाच फायदा होतो. त्या टोकाला म्हणजे शेंगदाण्याचा लाडूच थोडा बरा. आपल्या आकड्यांवरून याहून जास्त बोलता येत नाही."

"म्हणजे फायदा होत नाही?"

"तसंही म्हणता येत नाही. होतो की नाही, ते आपल्याला कळलेलं नाही. मुली कमी पडल्या, अदलाबदल झाली."

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना स्वतः टोक फिरवून बघितलं. "म्हणजे एवढ्या लांब पट्टीत लाडू कुठंही असू शकतो," त्या म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे टेस्ट लावायला आलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांना ते कळलं असेल. मला आनंद व्हायला हवा होता.

"मग माझं आधीचं मेथीचं काम?" बाईंनी हळूच विचारलं. "आणि ते मोड आलेल्या कडधान्यांचं? त्यातही दुसरा गट नव्हता गं. कुणीच सांगितलं नाही. माझ्या गाइडनंही नाही."

काय बोलणार? ती कामं वाईट होती असं म्हणू, की त्या वेळी सगळे तसंच करत होते असं म्हणू? दोन्ही खरंच होतं आणि दोन्हीचा त्यांना उपयोग नव्हता. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मी लोकांवर चिडत आले, ती एका माणसाला पुरती उमगली, तर त्याच्या हातात काय शिल्लक राहतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

परिषदेवाल्यांनी तो निबंध घेतला नाही. 'निष्कर्ष स्पष्ट नाही' असं कळवलं. सगळ्या वसतिगृहांत लाडू द्यायचा संस्थेच्या अध्यक्षांचा उत्साहही मावळला. बाई म्हणाल्या, निदान कॉलेजच्या नियतकालिकात तरी देऊ. त्यांनी स्वतः साध्या मराठीत लेख लिहिला. काय करायचं होतं, काय बिघडलं, काय कळलं नाही, सगळं सरळ. मी फक्त दोन ठिकाणी शब्द बदलले. इतका प्रामाणिक लेख आमच्या नियतकालिकात त्याआधी छापला गेला असेल असं मला वाटत नाही.

एप्रिलमध्ये अंक आला. बाईंचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होते. बाहेर येऊन उचलला.

"अगं, अंक बघितलास? संपादकांनी मथळा बदलला. 'पौष्टिक लाडवांनी वाढले मुलींचे रक्त'. वर माझा फोटो."

"आणि आतला मजकूर?"

"शेवटचे दोन परिच्छेद गाळलेत. जागा नव्हती म्हणे."

मी वऱ्हांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. खाली मैदान उन्हानं पांढरं पडलं होतं.

"मी खाली उभी आहे," बाई म्हणाल्या, "प्राचार्यांच्या दारात. तू ये. मला ती रेघ त्यांच्यासमोर काढून दाखवायचीय, पण मी बोलायला लागले की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. बोलायचं तू."

दुसऱ्या सुपरव्हायझरला वर्ग सांभाळायला सांगून मी खाली गेले. बाईंच्या हातात अंक होता, मथळ्याचं पान दुमडलेलं. आम्ही दोघी आत शिरलो. प्राचार्यांनी आमच्याकडे बघितलं, तोंडभर हसले आणि शिपायाला हाक मारली, "अरे, बाईंचं अभिनंदन करायचंय, तीन चहा सांग."

बाईंनी अंक टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "चहा नको. कागद द्या एक कोरा."